केसरी मिस्त्रीची उलट्या हाताची गाडी

केसरी मिस्त्रीला आपण काल गाडीखाली सोडला, तो अजून खालीच आहे. बाहेर दिसतात ते नुसते पाय. एका पायात रबरी चप्पल, दुसऱ्या पायातली कुत्र्याने ओढून नेली ती नेलीच. सकाळपासून अर्धं पूर्णा गाव येऊन त्या दोन पायांना सल्ला देऊन गेलं. कोणी म्हणालं टायरात हवा कमी असेल, कोणी म्हणालं चाकाखाली ठेवलेलं लिंबूच शिळं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या गुणाबाईने तर वाकून विचारलं, "मिस्त्री, जित्ता हायस ना रं?" तेव्हा खालून पाना फरशीवर आपटल्याचा ठण असा आवाज आला. तेवढंच उत्तर.

दमला होता हो तो. एका दिवसाचा दमलेला माणूस जेवतो, झोपतो, सकाळी उठून दात घासतो. केसरी सात वर्षांचा दमलेला होता, आणि त्याच्या आधी चाळीस वर्षं लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, मिस्त्री. भिवंडीतल्या लूमच्या खडखडाटात ज्याने चाळीस वर्षं काढली त्याचे कान निम्मे गेलेले असतात. केसरीचे पाऊण गेले होते. बायको डावीकडून बोलली की ऐकू यायचं, उजवीकडून बोलली की नाही. त्यामुळे भांडण काढायचं असलं की पुतळाबाई आधी फिरून डावीकडे यायची.

दोन हजार आठ सालचा मे महिना. वार शुक्रवार. हा शुक्रवार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. घरामागच्या गाळ्यात, जिथे पूर्वी केसरीचे स्वतःचे चार लूम होते, तिथे आता गाडी उभी होती. गाडी म्हणजे रस्त्यावर दिसते तसली नव्हे. दोन माणसांची, वर छप्पर नाही, बॉनेट सुसरीच्या तोंडासारखं लांबच लांब, मडगार्ड लाटेसारखे वर उसळून खाली उतरलेले, पुढे दोन गोल दिवे आणि पाठीवर जादा चाक बांधलेलं. रंग शेंदरी. साहेबाच्या काळात श्रीमंतांकडे असायची तसली गाडी, आणि ती या माणसाने घरी, हाताने, भंगारातून केलेली.

आता तुम्ही विचाराल, लूमच्या मिस्त्रीला हे खूळ सुचलं कुठून? दोन ठिकाणांहून सुचलं. दोन्ही सांगतो.

केसरी दहा-अकरा वर्षांचा होता तेव्हा अंजूरफाट्याच्या चिखलात एका शेठची असली गाडी रुतली. गावातली पोरं ढकलायला धावली. केसरी मागच्या बाजूला होता. चाक सुटलं आणि चिखलाचा सडा याच्या तोंडावर. शेठ हसला, निघून गेला. पण ढकलायच्या आधी केसरीने ती गाडी विती टाकून मोजली होती. बॉनेट नऊ विती, मडगार्ड सात विती. ते माप त्याने चव्वेचाळीस वर्षं डोक्यात सांभाळलं. आणि गंमत बघा, दोन हजार एक साली सांगाडा जोडायला घेतला तेव्हा त्याने तशाच नऊ विती टाकल्या. बॉनेट एवढं लांब झालं की गाळ्याच्या दारातून बाहेर आलं. आठवडाभर डोकं धरून बसला. मग पुतळाबाईच म्हणाली, "अवो, तवा तुमचा हात केवरा होता? पोराची वीत नि बाप्याची वीत एक हाय का?" सांगाडा कापला. चार महिन्यांचं काम फुकट. तेव्हापासून त्याचा खांदा दुखायला लागला तो आजपर्यंत.

हे झालं गाडीच्या रूपाचं. पण गाडी करायचीच का, त्याचं कारण पुतळाबाई.

पुतळाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी धवलारणीवाचून पान हलायचं नाही. मांडवाची मेढ, म्हणजे मुहूर्ताचा खांब, रोवण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे लग्नगाणी. देवांना बोलावणं तिच्या तोंडून, पूर्वजांना बोलावणं तिच्या तोंडून. आणि मान असा, की धवलारणीने आपल्या पायांनी मांडवात यायचं नाही. लग्नघरच्यांनी दमणी पाठवायची, म्हणजे बैलांची बसायची गाडी. तिच्यात गादी घालायची, तिला आणायची, उतरल्यावर पाय धुवायचे. पुतळाबाईची आईही धवलारीण, आणि लहानपणी आईच्या मांडीवर बसून ती अशा दमणीतून गावोगाव फिरली होती. गळा तिथेच तयार झाला.

पुढे बैल गेले, दमण्या गेल्या. शेतं गेली, त्यांवर गोदामं उभी राहिली. लग्नात डीजे आला. धवलारणीला कोणी मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ लागलं, कोणी म्हणू लागलं, "मावशी, रिक्षा करून या ना." दोन हजार एकच्या उन्हाळ्यात एका लग्नघराने गाडी पाठवतो म्हणून सांगितलं आणि विसरले. पुतळाबाई नवी साडी नेसून, कपाळभर कुंकू लावून पूर्ण्याच्या नाक्यावर उभी. एकापाठोपाठ एक कंटेनर, धुळीचे लोट. नऊपासून बारापर्यंत उभी राहिली. ड्युटीवरून परतणाऱ्या केसरीने तिला पाहिली. तिच्या अंबाड्यातली वेणी धुळीने करडी झाली होती.

"घरी चल," तो म्हणाला.

"येतील वो. डीजे लावत असतील, येल लागतो."

"चल गो."

ती निघाली. घरी आल्यावर साडीची घडी करता करता म्हणाली, "माजी आये हसत असंल वरून."

एवढंच. पण केसरीने दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका विणकराला सांगितलं, त्याने तिसऱ्याला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की केसरी मिस्त्री बायकोसाठी गाडी बनवणार आहे. विकत घेणार नाही, बनवणार. बोलून बसला आणि अडकला.

मग सात वर्षं. एका अपघातात चेपलेली जुनी फियाट आली, तिचं इंजिन, तिची चाकं, तिचं स्टिअरिंग घेतलं. सांगाडा मोडक्या लूमच्या लोखंडी पट्ट्यांचा. तेव्हा भिवंडीत लूम किलोवर भंगारात जात होते, लोखंडाला तोटा नव्हता. मडगार्ड रंगखात्यातल्या ड्रमांचे पत्रे ठोकून केले. त्यातल्या एका ड्रमाचा गुलाबी रंग इतका चिवट, की पुढे दोन वर्षं केसरीच्या नखांतून गुलाबी घाम यायचा. लोक विचारायचे, "मिस्त्री, मेंदी लावली का?" स्टिअरिंगचं चाक लाकडी, मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या जुन्या धोट्यांचं लाकूड तासून केलेलं. बॉनेट बांधायला लूमचा चामडी पट्टा. पुतळाबाईची बैठक तर त्याने तिला पाटावर बसवून, सूत धरून मापली. ती तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "मेल्यावर तिरडीला लागंल ते बी माप घेऊन ठेवा." त्याला ऐकू गेलं नाही, ती उजवीकडे होती.

ती त्या गाडीला सवत म्हणायची. "सवत जेवली का?" "सवतीला ताप आला का, सारखे खाली शिरता ते?" असं चालायचं. वर्षं गेली तशी तिच्या चेष्टेतली धार गेली. तीही थकली. गुडघे सुजायला लागले. गळा बसायला लागला, चौथ्या-पाचव्या धवल्याला आवाज चिरकायचा. बोलावणीही कमी झाली. अशात तिच्या भावाने, कशेळीच्या राघोने, मुलीचं लग्न काढलं. भाविकाचं. भाविका आत्याचे धवले ऐकत वाढलेली. तिने बापाला निक्षून सांगितलं, "डीजे वाजव, काय वाजवायचं ते वाजव. पन मेढ रोवताना आतू गायली पायजे." पुतळाबाईने तेव्हाच ठरवलं की हे आपलं शेवटचं. यानंतर गळा मिटायचा.

आणि केसरीने ठरवलं, या लग्नाला ही गाडीतून जाईल. आता नाही तर मग गाडी कशाला? शनिवारी सकाळी नऊला कशेळीत मेढ. शुक्रवारी सकाळी गाडी पहिल्यांदा गाळ्याबाहेर काढायची.

तर शुक्रवार. पुतळाबाईने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला. मुलगा भावेश अंगणात उभा. हा गोदामांना माल पोचवायचा धंदा करतो, शहाणा, घाईतला. इंजिन एका दमात लागलं. केसरीच्या तोंडावर हसू फुटलं ते बघून गुणाबाईने तोंडाला पदर लावला. अंगणाचं फाटक उजवीकडे. डावीकडे भावेशची मोटारसायकल आणि तिच्या पलीकडे दोरीवर वाळत घातलेले बोंबील.

केसरीने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी डावीकडे वळली.

त्याला वाटलं कमी फिरलं. आणखी उजवीकडे फिरवलं. गाडी आणखी डावीकडे. मोटारसायकल आडवी झाली, दोरी तुटली, सगळे बोंबील बॉनेटवर येऊन पडले आणि दिव्यांवर लोंबायला लागले.

"बाबा, ब्रेक! ब्रेक मारा!" भावेश ओरडला.

"अवो, फाटक तिकरं हाय!" पुतळाबाई ओरडली. "हिकरं बोंबील हायत!"

गाडी थांबली. बोंबील झटकले, चौघांनी मिळून गाडी पुन्हा गाळ्यात ढकलली, आणि केसरी तिच्याखाली शिरला. इथे आपण काल थांबलो होतो.

दुपारी एकच्या सुमाराला ते पाय हलले. केसरी बाहेर आला, भिंतीला टेकून बसला. तोंडावर ग्रीस, डोळे तांबारलेले. पुतळाबाईने पाण्याचा तांब्या दिला आणि डावीकडे बसली.

"समोर उभा राहून जोरली गो," तो म्हणाला.

"म्हंजे?"

म्हणजे असं. लूम बसतात जोडीने, एक डावा, एक उजवा, मध्ये विणकर. मिस्त्री काम करताना लूमच्या समोर उभा राहतो. त्याचा उजवा हात असतो ती लूमची डावी बाजू. चाळीस वर्षं समोर उभं राहून डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा करून हात तयार झालेले. गाडीचं इंजिन मागे सरकवलं तेव्हा स्टिअरिंगची पेटी पुढे आणावी लागली होती. तिची दांडी केसरीने गाडीच्या पुढ्यात उभं राहून बसवली. लूमसारखी. पण गाडीवाला यंत्राच्या समोर उभा राहत नाही, तो यंत्राच्या पोटात बसतो. सगळं नीट, मजबूत, घट्ट बसलेलं. फक्त उलटं. चार वर्षांपूर्वी बसवलेलं. त्याच्यावर मग इंजिन, त्याच्यावर पत्रे. एवढ्या दिवसांत एकदाही मनात आलं नाही, कारण डोक्याने नव्हे, हातांनी बसवलेलं ते.

"मंग सरल करा."

"दांडी नवी पायजे. लेथवर काढावी लागंल."

"काढा ना मंग."

केसरीने तिच्याकडे बघितलं. "आज शुक्रवार हाय गो."

आता कळलं ना, शुक्रवार का लक्षात ठेवायचा? शुक्रवारी भिवंडी बंद. लूम बंद, लेथ बंद. तरी टेमघरच्या लेथवाल्याच्या घरी भावेश जाऊन आला. लेथवाला मालेगावला सोयऱ्याकडे गेलेला, उद्या दुपारी येणार. आणि मेढ उद्या सकाळी नऊला.

भावेशने मोटारसायकलचं वाकलेलं हँडल बघत बघत सांगितलं, "बाबा, टेन्शन घेऊ नका. माझ्या मालाच्या गाडीत तर आहेर आणि मंडळी भरायचीत. आईला मी बाइकवरून सोडतो. वीस मिनिटांचा रस्ता आहे."

केसरीने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "ने."

बस्स. एका शब्दात सात वर्षं देऊन टाकली. उठला, रॉकेलने हात धुतले, घरात जाऊन बाजेवर आडवा झाला. जेवायला उठवलं तर उठला नाही. चिडला असता, रडला असता तर पुतळाबाईला बरं वाटलं असतं. पण हा नुसता छताकडे बघत पडलेला. गाळ्याला कुलूप घालायलाही गेला नाही. ती दोनदा येऊन डावीकडे उभी राहिली आणि तशीच परत गेली.

शनिवारी सकाळी सहाला भावेश अंघोळ करून आला तर आई घरात नाही. मोरीत नाही, ओट्यावर नाही. गाळ्यात गेला तर ती गाडीत बसलेली. हिरवी साडी, नाकात नथ, अंबाड्यात वेणी, मांडीवर हळद-कुंकवाचं ताट.

"आई, चल, बाइक काढलीय."

"तू जा पुढं."

"अगं, पण..."

"तुज्या बापाला बोलाव."

केसरी आला. रात्रभर डोळा लागलेला नसावा, चेहरा राखेसारखा. दारातच थांबला. "उतर गो. गारी सरल चालत न्हाय."

"सात वर्सं सवत सवत केलं मी हिला," पुतळाबाई म्हणाली. "आज हिच्या मांडीवर बसलेय. आता उठनार न्हाय."

"रस्त्यावर कंटेनर हायत. एक हात चुकला तर दोघं बी..."

"रस्त्यानं कोनी सांगितलाय? खारीतल्या बांधावरनं चला."

केसरीने खाडीकडे बघितलं. गोदामांच्या मागून खाडीच्या कडेने मिठागरं आणि पडीक खारजमिनीतून जुनी गाडीवाट जाते, पूर्ण्यापासून पार कशेळीच्या मागल्या अंगाला. पूर्वी दमण्या तिथूनच जायच्या. हल्ली वीटभट्टीचा एखादा ट्रॅक्टर सोडला तर कोणी फिरकत नाही. पुतळाबाई आईच्या मांडीवर बसून जिथून जायची ती हीच वाट.

"बांधावर बी वलनं हायत," केसरी म्हणाला.

"मी सांगन ना. जनमभर मी एक सांगितलं नि तुमी उलटं केलं. आज तेच करायचं हाय. जमंल का न्हाय?"

भावेशने कपाळाला हात लावला. म्हणाला, "तुम्ही दोघं येडे झालात." आणि बापाकडे बघून गुपचूप पुढे जाऊन गाळ्याचं दार पूर्ण उघडलं.

फाटकातून बाहेर आणि पुढेही गाडी त्याने आणि गुणाबाईच्या घरच्यांनी ढकलत नेली. गोदामाच्या मागे बांधाच्या तोंडाशी केसरीने इंजिन लावलं. पहिला गेअर, त्याच्या वर गेलाच नाही. भावेश बाइक काढून रस्त्याने कशेळीला गेला, मामाला सांगायला की थांबा, येतायत.

मे महिन्यातली खाडी ती. सकाळी सातलाच ऊन चटके देणारं, जमीन मिठाने पांढरी पडून भेगाळलेली, बांधाच्या एका बाजूला तिवरांची झुडपं, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या निळ्या पत्र्यांच्या पाठी. बगळे गाडीकडे बघून उडायचेही कष्ट घेईनात. चिखलात उमटून वाळलेली चाकोरी दगडासारखी घट्ट होती. एका बाजूची चाकं तीत बसली तेव्हा केसरीच्या लक्षात आलं, की सरळ वाटेवर स्टिअरिंगला हात लावायची गरजच नाही. वाट स्वतःच गाडी नेत होती. बैलांना नेत होती तशीच.

वळणं मात्र होती. पहिल्या वळणाला पुतळाबाई ओरडली, "उजवीकरं, उजवीकरं!" केसरीच्या हाताने उजवीकडे घेतलं आणि गाडी तिवरांत नाक खुपसून उभी राहिली. मागे घेतली. घामाने त्याच्या भुवया ओल्या झाल्या. दुसऱ्या वळणाला त्याने डोळे किंचित मिटले आणि मनातल्या मनात खाली उतरला. गाडीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, लूमच्या समोर राहतो तसा, तोंड गाडीकडे, पाठ वाटेकडे. आणि तिथून हात चालवला. गाडी गुमान वळली.

"जमलं की वो!"

"बोलू नको," तो म्हणाला. "मी समोर उभा हाय."

तिला काय ते कळलं नाही, पण ती गप्प बसली. उघाडी आली, म्हणजे बांधातून खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी दारं. त्यांच्यावर फळ्या टाकलेल्या, रुंदी गाडीपेक्षा जेमतेम चार बोटं जास्त. तिथे केसरी थांबला. खरंच उतरला, पुढे जाऊन गाडीसमोर उभा राहिला, हात हवेत दोनदा फिरवून बघितले. परत येऊन बसला. फळ्या करकरल्या. पुतळाबाईने ताट छातीशी धरलं आणि देवाचं नाव घेण्याऐवजी आईचं नाव घेतलं. पलीकडे गेल्यावर तिने ताटातल्या पानाचा विडा करून त्याच्या तोंडात घातला.

इंजिन तापलं म्हणून दोनदा थांबले. एकदा पाणी ओतायला, एकदा नुसतेच, कारण त्याच्याने खांदा उचलवेना. त्या दुसऱ्या थांब्याला तिने हळू आवाजात गळा साफ करायला म्हणून दोन ओळी लावल्या. धवलारणी जागच्या जागी जोडतात तशा, नव्याच:

"लोखंडाची घोरी गो, शेंदराचा रंग,
चालवनारा थकला गो, चालतो संग."

डाव्या बाजूला बसली होती. त्याला सगळं ऐकू गेलं.

इकडे कशेळीत काय झालं, तेही ऐका. भावेशने येऊन सांगितलं की आई-बाबा गाडीतून येतायत. झालं, राघोने लग्नघर डोक्यावर घेतलं. रस्त्याकडच्या कमानीखाली माणसं उभी केली, डीजेवाल्याला सांगितलं तयार राहा, फटाक्यांची माळ पसरली, कॅमेरावाला खुर्चीवर चढला. सगळी कशेळी रस्त्याकडे तोंड करून उभी. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. भटजी घड्याळ बघू लागले. राघो म्हणाला, "न्हाय. बाय आल्याबिगर मेढ न्हाय." किती वर्षांनी एखादा मांडव धवलारणीसाठी असा खोळंबला होता!

आणि बांधावरून येणारी गाडी पोचली घराच्या मागल्या अंगाला. तिथे चुली पेटलेल्या, वड्यांच्या कढया चढलेल्या, बायका पीठ मळत बसलेल्या. शेंदरी गाडी दोन हंड्यांच्या मधोमध येऊन थांबली आणि इंजिनाने एक उसासा टाकून दम सोडला. बायका बघतच राहिल्या. मग एक म्हणाली, "अगो, धवलारीन आली! दमनीत बसून आली!"

भाविका कपाळाला मुंडावळ्या तशाच धरून धावत मागे आली. तिने आत्याला उतरू दिलं नाही. तांब्या आणवला, गाडीचं दार उघडलं, आणि बैठकीवर बसलेल्या पुतळाबाईचे सुजलेले पाय तिथेच, चुलींच्या धुरात, पिठाच्या हातांनी जमलेल्या बायकांच्या मध्ये धुतले. पुतळाबाई पायांवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिला दोन्ही बाजूंनी धरून मांडवात नेली.

पुढच्या कमानीखाली उभ्या असलेल्यांना यातलं काही दिसलं नाही. फटाके वाजायचे राहिले, कॅमेरावाला खुर्चीवरून उतरला. मांडवातून धवला सुरू झाला तेव्हा कुठे माणसं मागे वळली. पहिल्या दोन ओळी स्वच्छ आल्या. तिसऱ्या ओळीला आवाज चिरकला, आणि पिठाच्या हातांच्या त्या बायकांनी ती ओळ उचलून पुढे नेली. मेढ उभी राहिली.

केसरी गाडीतून उतरलाच नव्हता. धोट्यांच्या लाकडाच्या त्या स्टिअरिंगवर हात ठेवून, डावा कान मांडवाकडे करून, डोळे मिटून बसला होता. राघो कपाळावर गुलाल घेऊन मागे धावत आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डवरून हात फिरवला. हळहळला बिचारा, जीव तुटला त्याचा.

"दाजी, सात वर्सं खपलाव, नि आलाव ते मागच्या दारानं?" तो म्हणाला. "रस्त्यानं आला असताव तर सगल्या कशेलीनं बघितली असती गारी. आता कोनी बघितली?"

केसरीने डोळे उघडले नाहीत. म्हणाला, "बघनारी बाजूलाच बसली होती. तिचं गाऊन झालं का मना उठव."